दोन गावठाणं, एक दगड

पहाटे ४.३०

मे महिन्यात उठल्याबरोबर मी आधी धरणाची पातळी बघते. उजनी पूर्ण भरलं की पाणी ४९६.८३ मीटरवर असतं. ४९१.०३ मीटरला उपयुक्त साठा संपतो आणि खाली ६३.६६ टीएमसीचा मृतसाठा उरतो. काठावरची माणसं मात्र टक्क्यांत बोलतात. धरण मायनसमध्ये किती गेलं, एवढंच एकमेकांना विचारतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. ऊस कसा तगवायचा, केळीच्या बागेला पाणी कुठून आणायचं, या घोरात सारा काठ असतो आणि माझं काम नेमकं त्याच दिवसांत चालतं. पाणी उतरल्याशिवाय जुनी गावठाणं उघडी पडत नाहीत.

भीमेवरच्या या धरणाचं काम १९६६ मध्ये सुरू झालं, १९८० मध्ये पूर्ण झालं. यशवंतसागर या जलाशयाखाली सोलापूर, पुणे आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतली गावं गेली. पलीकडे इंदापूर बाजूला पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, अलीकडे करमाळा तालुक्यात कुगावचा इनामदार वाडा. पाणी उतरलं की ही दोन ठिकाणं वर्तमानपत्रांत येतात आणि बघायला गर्दी होते. मी अशा गावठाणांतले सुटे दगड शोधते: वीरगळ, सतीशिळा, दानलेखांचे तुकडे. इतिहास शिकवणं हा माझा पेशा. सोबत एक जुना विद्यार्थी असतो. त्याने पुढे संगणकाचं शिक्षण घेतलं, घर करमाळा तालुक्यातलंच. आमचं काम एका वाक्यात सांगायचं तर फुटलेल्या लेखांच्या तुकड्यांचे फोटो काढायचे आणि कोणता तुकडा कोणाला जुळतो हे संगणकाच्या मदतीने शोधायचं. दगड हलवायचा नाही.

पिशवी रात्रीच भरलेली असते. कॅमेरा, तिपाई, सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी, रंग तपासायची पट्टी, चकचकीत काळे गोळे, टॉर्च, सुतळी, मऊ ब्रश आणि पाण्याचा जार.

पहाटे ५.४५

होडीवाले नाना काठाला थांबलेले असतात. रात्री टाकलेली जाळी काढून झालेली, तळाशी चिलापीची पाटी. आम्ही दोघं लाइफ जॅकेट चढवतो, मगच होडीत बसतो. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. हे पाणी वरून शांत दिसतं, पण मे महिन्यात दुपारनंतर वारं कधी उठेल याचा नेम नसतो. म्हणून जाणं पहाटे आणि परतणं ऊन चढायच्या आत.

काठ गेल्या आठवड्यापेक्षा बराच आत सरकलाय. शेतकऱ्यांनी मोटारी पुन्हा पुढे नेल्यात, पाइपांना नवे जोड मारलेत, केबल गाळावरून ओढत आणलीय. काही ठिकाणी जेसीबीने चर खणून पाणी मोटारीपर्यंत आणलंय. आमचे दगड शोधताना या चरांवर लक्ष ठेवावं लागतं. गाळात पुरलेला दगड चरात वर येतो आणि मातीच्या ढिगाबरोबर बाजूला पडतो. तो कुठून निघाला हे त्याच दिवशी विचारलं तर कळतं. महिन्याने विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही.

गावाचं नाव मी इथे देत नाही. कोरीव दगडांच्या चोऱ्या होतात. सरकारी नोंद पूर्ण होईपर्यंत जागा सांगायची नाही, हा आमचा नियम आहे.

सकाळी ६.१५

सूर्य वर आला की पहिला दीड तास सोन्याचा. ऊन तिरपं असतं. बेसाल्टवर कोरलेलं अक्षर शतकानुशतकं झिजून कागदाच्या जाडीएवढं उरलेलं असलं तरी तिरप्या उन्हात त्याच्या कडेला सावली पडते. नऊनंतर ऊन डोक्यावर येतं, सावली जाते आणि तोच दगड कोरा दिसायला लागतो.

आजचा दगड वेशीच्या जागेजवळ आहे. वेस पडून गेलीय, जोत्याच्या दोन ओळी तेवढ्या शिल्लक. दगड गुडघ्याएवढ्या उंचीचा, काळा, सपाट, गाळात तिरका रुतलेला. वरची बाजू आडवी फुटलेली. खाली लेखाच्या तीन ओळी दिसतात आणि अगदी वर, फुटीच्या कडेला, आणखी एका ओळीचे नुसते पाय: उभे दंड, एका अक्षराचं पोट, एका उकाराची शेपटी. या ओळीचं डोकं दुसऱ्या तुकड्यावर असणार.

दगडावर वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा आहे, त्यात बारीक शिंपले चिकटलेत. मऊ ब्रशने जेवढं सहज निघेल तेवढंच काढायचं. तारेचा ब्रश, साबण, ॲसिड काहीही लावायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ भरायचं नाही. ही खोड अजून अनेक ठिकाणी आहे. त्यात दोन तोटे होतात. खाचेत भरलेली पूड ओल धरते. शिवाय भरणारा माणूस आपल्याला वाटलेलं अक्षर भरतो आणि पुढचा वाचणारा तेच अक्षर खरं मानतो.

आता फोटो. त्रिमितीय प्रतिकृतीसाठी दगडाभोवती फिरत एकावर एक येणारे फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा साधारण तीन चतुर्थांश भाग आला पाहिजे. समोरून, वरून, दोन्ही कुशींवरून. फुटीच्या पृष्ठभागाचे फोटो मात्र वेगळे आणि जवळून काढायचे. लेख वाचणारे लोक एरवी फक्त समोरची बाजू टिपतात, तुटलेली बाजू सोडून देतात. जुळवणी करणाऱ्याला तुटलेली बाजूच अधिक मोलाची. दगडाची जाडी, फुटीचा कल, कडेची खोली हे सगळं तिथे असतं. शेजारी पट्टी ठेवल्याशिवाय एकही फोटो घ्यायचा नाही, नाहीतर संगणकाला आकार कळतो पण माप कळत नाही.

विद्यार्थी जीपीएसवर जागा टिपतो. दगडाचं तोंड कोणत्या दिशेला, किती रुतलाय, जवळ काय आहे, हे मी वहीत लिहिते.

सकाळी ८.४५

नानांच्या घरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. जोत्याच्या सावलीला बसून खातो. नाना त्या दगडाकडे बघत सांगतात, "ह्यो खालचा. वरचा तुकडा हितं न्हाय. गाव उठलं तवा मारुतीसंगं गाडीत घालून नेला. आमचा बा व्हता त्या गाडीवर."

या एका वाक्यासाठी मी उजनीकाठी परत परत येते. सत्तरच्या दशकात गावं उठली तेव्हा लोकांनी देव सोबत नेले. मारुती, म्हसोबा, लक्ष्मी, आणि देवाशेजारी उभे असलेले, शेंदूर लागलेले दगडही नेले. कोरलेला दगड म्हणजे देवच, मग तो वीरगळ असो की दानलेख. जे देवळात होतं ते गाडीत चढलं आणि जे वेशीत, विहिरीच्या थारोळ्यात किंवा पाराच्या चिऱ्यात होतं ते पाण्याखाली गेलं. एकाच लेखाचे दोन तुकडे आधीपासून दोन जागी असतील, तर त्या वर्षी एक नव्या गावठाणात पोचला आणि दुसरा धरणात राहिला. गाव हलवताना झालेली ही वाटणी कोणत्याही कागदावर नाही.

"कुणा कुणाला ठावं हाय अजून?" मी विचारते.

"आबांना इचारा. त्यांच्याच बैलांची गाडी व्हती," नाना म्हणतात.

सकाळी १०.३०

नवं गावठाण उंचावर आहे. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, मधोमध मारुतीचं सिमेंटचं देऊळ. आधी गुरवांची परवानगी, मग सरपंचांना फोन. काय करणार, कशाला करणार, दगडाला धक्का लागणार का, हे तीन प्रश्न सगळीकडे येतात आणि ते रास्त आहेत. आम्ही दगडाला हात न लावता फक्त फोटो काढणार, असं सांगते. फोटोंची एक प्रत ग्रामपंचायतीला देतो, हेही सांगते.

वरचा तुकडा मारुतीच्या डाव्या हाताला भिंतीत बसवलेला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य आहेत, म्हणजे हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावं अशी इच्छा. त्याखाली दोन ओळी, आणि अगदी तळाशी तिसऱ्या ओळीच्या डोक्यांची रांग. सगळ्यावर शेंदराचे थर. खालच्या थरात तेल, वरच्या थरात ऑइल पेंट. साध्या डोळ्यांना दोन-तीन अक्षरं लागतात, बाकी केशरी भिंत.

शेंदूर काढायचा विषयच नाही. तो गावाच्या श्रद्धेचा आहे आणि खरवडताना दगडही खरवडला जातो. इथे दुसरी पद्धत कामाला येते. तिचं मूळ २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी मांडलेल्या पद्धतीत आहे, आणि आता जगभर कोरीव लेखांसाठी ती वापरतात. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, तो जराही हलता कामा नये. दगडाशेजारी चकचकीत काळे गोळे ठेवायचे. देवळाचं दार लोटून अंधार करायचा. मग टॉर्च वेगवेगळ्या कोनांतून दगडावर मारत पन्नासेक फोटो घ्यायचे. टॉर्चचं अंतर दरवेळी सारखं राहावं म्हणून सुतळीने मोजायचं. प्रत्येक फोटोत गोळ्यावर प्रकाशाचा ठिपका उमटतो. त्या ठिपक्याच्या जागेवरून संगणक त्या फोटोचा प्रकाश कोणत्या दिशेने आला हे काढतो. सगळे फोटो एकत्र केले की पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू कोणत्या बाजूला कललेला आहे याचा हिशोब लागतो. मग रंग काढून टाकून नुसता उंचसखलपणा पडद्यावर बघता येतो. शेंदूर दिसेनासा होतो आणि त्याच्या खालचं अक्षर जेवढं उंचसखल उरलं असेल तेवढं उठून दिसतं. थर फार जाड असेल आणि खाच पूर्ण बुजली असेल, तर मात्र ही पद्धतही हात टेकते.

सुतळी धरायला गुरवांचा नातू येतो. टॉर्चच्या दर झगमगाटाला अंधारात दबक्या आवाजात आकडा मोजतो.

दुपारी १.००

बाहेर चटका. सोलापूर जिल्ह्याचा मे म्हणजे चाळिशीच्या वर पारा. दगडाला हात लावला तर भाजतं. गुरवांच्या घरी पंख्याखाली लॅपटॉप उघडतो. लाइट जाते, येते. त्रिमितीय प्रतिकृती बनवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण साध्या लॅपटॉपला एका दगडासाठी तासन्‌तास लागतात. ते आधी प्रत्येक फोटोतले ठळक बिंदू शोधतं, तेच बिंदू दुसऱ्या फोटोत कुठे आहेत ते बघतं, त्यावरून कॅमेरा कुठे कुठे उभा होता ते काढतं आणि मग दगडाचा आकार बांधतं. बिंदूंचा ढग, मग जाळी, मग जाळीवर दगडाचा रंग.

तेवढ्या वेळात गुरवांच्या आजी ताक आणतात. त्या नव्या गावठाणात सून म्हणून आल्या नव्हत्या, जुन्याच गावात नांदल्या. त्यांना विचारते, हा दगड तिकडे कुठे होता. "मारुतीच्या दारात, उजव्या अंगाला. पाय पुसायची चाल न्हवती त्यावर. आमी हळदकुंकू लावायचो," त्या म्हणतात. हे लिहून घेते. देवळाच्या दारातला दगड आणि वेशीजवळचा दगड म्हणजे लेख जुन्या गावातही आधीच फुटलेला होता आणि दोन ठिकाणी होता. फुटीच्या कडा का झिजल्या आहेत, याचं हे एक कारण.

दुपारी २.३०

आता जुळवणी. आमच्याकडे काठावरच्या वेगवेगळ्या गावांतल्या तुकड्यांच्या प्रतिकृती आहेत. नानांनी सांगितलेलं खरं असण्याची शक्यता मोठी आहे. तरी आम्ही हे दोन तुकडे थेट एकमेकांना लावत नाही. वेशीजवळचा तुकडा सगळ्या तुकड्यांशी ताडून बघतो. ऐकीव माहितीला हा स्वतंत्र पडताळा असतो.

हाताने हे का जमत नाही, ते आकड्यांत सांगते. शंभर तुकडे असतील तर त्यांच्या ४,९५० जोड्या होतात. प्रत्येक जोडी वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, किंचित फिरवून, किती रीतींनी लावून बघायची? दगड समोर असते तरी पाठ मोडली असती. इथे तर ते वेगवेगळ्या गावांत, भिंतींत आणि गाळात आहेत.

संगणक आधी प्रत्येक तुकड्याचे भाग पाडतो: कोरलेलं तोंड, घडवलेल्या कुशी, न घडवलेली पाठ आणि फुटीचा पृष्ठभाग. फूट खडबडीत असते, छिन्नीने घडवलेला भाग एकसारखा असतो, या फरकावर हे होतं. मग फुटीच्या कडेचं वळण, तिचा कल आणि दगडाची जाडी यांची तुलना. जी जोडी जवळची वाटते ती एकमेकांवर आणून बसवायची आणि पृष्ठभागांमधलं अंतर कमीत कमी होईपर्यंत सरकवत राहायचं. शेवटी गुणांप्रमाणे यादी मिळते.

पण उजनीचे तुकडे अवघड आहेत. दरवर्षी बुडायचं, दरवर्षी सुकायचं, लाटांचा मारा खायचा, वरून ट्रॅक्टर जायचा. कडा झिजून गोल झालेल्या असतात. दोन्ही तुकडे बरोबर बसवले तरी मधे फट राहते आणि कडेच्या आकारावर विसंबलेला हिशोब फसतो.

हीच अडचण रोमच्या संगमरवरी नकाशात आली होती. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सेप्टिमिअस सेव्हरस या सम्राटाच्या काळात, रोम शहराचा भव्य नकाशा संगमरवरावर कोरून भिंतीला लावला होता. आज त्याचे १,१८६ तुकडे उरलेत आणि मूळ नकाशाचा छोटासाच भाग त्यांत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ते तुकडे त्रिमितीत स्कॅन केले. कडा झिजलेल्या, काही तुकड्यांच्या मधला भाग कायमचा गेलेला. तेव्हा त्यांनी कोरलेल्या रेषांचा माग घेतला. एका तुकड्याच्या काठाला येऊन थांबलेली भिंतीची किंवा रस्त्याची रेषा पुढे वाढवली, तर कोणत्या तुकड्यावर ती त्याच कोनात सुरू होते? या मार्गाने नवे जोड सापडले.

दुसरं उदाहरण आमच्या कामाला आणखी जवळचं. अत्राहसिस या बाबिलोनी काव्याच्या मातीच्या पाटीचा एक तुकडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि एक जिनिव्हाच्या संग्रहालयात. बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी दोन्हींच्या त्रिमितीय प्रतिकृती पडद्यावर जोडून दाखवल्या. दोन्ही तुकडे आपापल्या शहरातच राहिले. आमचाही एक तुकडा मारुतीजवळ राहणार आहे आणि दुसरा गाळात, तेव्हा जोड जमला तर असाच जमणार.

दुपारी ४.००

यादी आली. पहिल्या क्रमांकावर भलत्याच गावच्या वीरगळाचा तुकडा आहे. कडेचं वळण बऱ्यापैकी जुळतंय. पण जाडी मोजली तर तो बोटभर पातळ, आणि त्याच्या कुशीवर चौकट कोरलेली आहे, ती आमच्या दगडाला नाही. जोडी बाद.

दुसऱ्या क्रमांकावर मारुतीजवळचा तुकडा. दोन्ही प्रतिकृती पडद्यावर एकमेकींखाली ठेवतो. जाडी जुळते. डावी कुस सरळ रेषेत येते. मधे फट राहते, कडा झिजल्यात. आता कडा विसरायच्या आणि अक्षरांकडे बघायचं.

फूट तिसऱ्या ओळीच्या मधोमध गेलीय. वर अक्षरांच्या शिरोरेषा आणि माथे आहेत, खाली दंड आणि पोटं. वरच्या प्रत्येक अक्षराचा दंड सॉफ्टवेअरमध्ये खाली वाढवला. पहिला खालच्या दंडावर बसला. दुसरा बसला. तिसऱ्याशी खालचं पोट जुळलं आणि अक्षर पुरं झालं. मग एक आगाऊ दंड. खाली दोन दंड आहेत, वर एकच माथा. विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, इथं गडबड आहे. जोडी चुकीची असंल."

मी त्याला पडिमात्रा समजावते. यादवकाळातल्या लेखांत एकाराची मात्रा बऱ्याचदा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभ्या दंडासारखी कोरलेली असते. संगणकाला तो दंड वेगळं अक्षर वाटतो. वाचणाऱ्याला तो मागच्या अक्षराचा काना वाटू शकतो. आपण वरच्या तुकड्याच्या पहिल्या ओळीत बघितलं, तर तिथेही याच लेखकाने एकार असाच दिलाय. म्हणजे आगाऊ वाटणारा दंड आगाऊ नाही. त्यानंतरचे दोन दंडही बसतात.

आणखी दोन गोष्टी तपासतो. ओळींमधलं अंतर दोन्ही तुकड्यांवर सारखं आहे. अक्षरांची उंची आणि खाचेचा छेद, म्हणजे छिन्नीने खाच इंग्रजी व्हीसारखी टोकदार पाडली की खोलगट, हेही सारखं आहे. एकाच हाताचं काम दिसतं.

सुरुवातीचं 'स्वस्ति श्री' आता लख्ख आहे. पुढे शकाचा उल्लेख आहे, पण वर्षाचे आकडे नेमके फुटीत गेलेत. दोन आकडे अर्धे दिसतात. आजच्या घडीला संगणकाला असे गाळलेले भाग सुचवायला लावता येतं. २०२२ मध्ये ग्रीक लेखांसाठी इथाका नावाची प्रणाली आली, ती हजारो लेखांवर शिकलेली आहे. जुन्या मराठी आणि हळेकन्नड लेखांचा तेवढा स्वच्छ साठा आपल्याकडे अजून तयार नाही. तो असता तरीही मी आकडा भरला नसता. सुचवलेलं अक्षर चौकटी कंसात जातं आणि जे दिसत नाही तिथे रिकामी जागा राहते. एका चुकीच्या आकड्याने गावाचा इतिहास शंभर वर्षं पुढेमागे जातो.

संध्याकाळी ५.३०

लेखाचा गावाला फायदा काय, हा प्रश्न देवळासमोर जमलेले लोक विचारतात. मी भीमेच्या काठाने खाली सरकत त्यांना सांगते. याच नदीवर पुढे पंढरपुरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, १२७३ ते १२७७ या वर्षांतला. आणखी खाली, भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो धरला जातो. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. त्यांनी आणि श्रीनिवास रित्तींनी सोलापूर जिल्ह्यातले लेख एकत्र करून छापले. तिथून खाली कर्नाटकात, सन्नतीला, १९८६ मध्ये चंद्रलांबा देवळाच्या आवारातलं एक छत कोसळलं आणि कालीच्या मूर्तीखालची बैठक उघडी पडली. ती बैठक म्हणजे अशोकाच्या आज्ञांची शिळा होती. मूर्ती बसवण्यासाठी तिला मधे भोक पाडलं होतं, तेवढी अक्षरं कायमची गेली.

"म्हंजी त्यांनीबी देवाखाली घातला व्हता," एक आजोबा म्हणतात.

होय. शिळा देवाखाली होती म्हणून टिकली आणि देवासाठीच तिला भोक पडलं. मारुतीशेजारचा हा दगडही शेंदरामुळे वाचलाय. पुढच्या जीर्णोद्धारात तो टाइलखाली जाऊ नये, एवढीच माझी विनंती असते. सरपंच लक्ष घालतो म्हणतात.

मग सोपाऱ्याची गोष्ट. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा जवळच्याच भुईगावात मिळाला, तो १९५६ मध्ये. मधे चौऱ्याहत्तर वर्षं गेली. पहिल्या तुकड्याची जागा आणि वर्णन नीट छापलेलं होतं, म्हणून दुसरा सापडल्यावर त्याचं नातं लगेच कळलं.

लॅपटॉप देवळाच्या कट्ट्यावर ठेवून जोड दाखवतो. पडद्यावर दगड पुरा उभा असतो, माथ्यावर चंद्रसूर्य, खाली ओळी. आजी जवळ येऊन बोटाने खालच्या अर्ध्या भागाकडे दाखवतात. "ह्यो वेशीतला. ह्याला आमी शिवत न्हवतो. वेशीतला दगड गावाचा असतो." त्यांच्या सासूने त्यांना तसं सांगितलेलं. वरच्या तुकड्याला कुंकू, खालच्या तुकड्याला हात नाही. एकाच लेखाचे दोन भाग गावाने दोन वेगळ्या रीतींनी जपलेत. दगडाच्या नोंदीखाली हेही लिहिते.

रात्री ८.००

नोंदी. मूळ फोटो जसेच्या तसे, एकही न कापता. दोन्ही तुकड्यांच्या प्रतिकृती वेगवेगळ्या. जोड ही तिसरी, स्वतंत्र फाइल, तिच्या नावातच 'संभाव्य' हा शब्द. उद्या कोणी पुराभिलेखतज्ज्ञ म्हणाले की जोड चूक आहे, तर मूळ तुकड्यांच्या नोंदीला धक्का लागता कामा नये. सगळ्याच्या तीन प्रती. एक आमच्याकडे, एक दुसऱ्या गावी ठेवलेल्या डिस्कवर, एक ग्रामपंचायतीसाठी. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पत्र: जागा, माप, फोटो, आणि गाळातला तुकडा पाऊस सुरू व्हायच्या आत सुरक्षित करण्याची विनंती. तहसील कार्यालयाला प्रत. दगड उचलायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं. आपण तो गाडीत घालून आणणं कायद्यालाही धरून नाही आणि शास्त्रालाही.

विद्यार्थी झोपायच्या आधी विचारतो, यादीत पहिला नंबर चुकीचा आला, मग संगणकाचा भरवसा काय. मी त्याला सांगते की त्याने सगळ्या जोड्यांमधून बघण्यासारख्या मोजक्या काढून दिल्या. ते माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. पण मारुतीजवळचा तुकडा त्या साठ्यात असायला हवा होता. त्याचे फोटो काढले गेले नसते, तर यादीत तो कुठल्याच क्रमांकावर आला नसता. कितीही हुशार प्रणाली असली तरी न टिपलेला तुकडा ती शोधू शकत नाही. आणि तो कुठे आहे, हे आज दोन माणसांनी सांगितलं: होडीवाल्या नानांनी आणि गुरवांच्या आजीने.

जुळवणीचं तंत्र पुढे जाईल, याबद्दल मला शंका नाही. आज टिपलेले फोटो दहा वर्षांनी नव्या पद्धतीत घालता येतील आणि आज न लागलेलं अक्षर तेव्हा लागेल. धरणाचं पाणीही कुठल्या तरी उन्हाळ्यात पुन्हा उतरेल. पण ज्यांनी स्वतःच्या बैलगाडीत देव चढवले ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कोणता दगड कोणत्या वाटेने गेला, कोणता ओढ्यात पडला, कोणता वाड्याच्या पायात गेला, हे फक्त त्यांना माहीत आहे. उजनीच्या प्रत्येक उठलेल्या गावात असा एक माणूस गाठून, त्याच्याकडून दगडांचा प्रवास लिहून घेणं, हे काम कॅमेऱ्याच्या आधी व्हायला हवं. कोणत्याही कॉलेजातली मुलं ते करू शकतात. त्याला वही आणि फोनवरचा रेकॉर्डर पुरतो.

म्हणून उद्याचा बेत बदललाय. सकाळ आबांसाठी राखून ठेवलीय. त्यांना शक्य असेल तर कागदावर जुन्या गावाचा नकाशा काढायला सांगायचा आणि प्रत्येक दगडाची जागा त्यावर विचारायची. कॅमेरा दुपारनंतर.